गावच्या करंटचं वाइंडिंग

गरम होणं म्हणजे बिघाड नव्हे, ती बिघाडाची तक्रार. हे वाक्य दारव्ह्याच्या माझ्या दुकानात मी इतक्यांदा बोललो की शेवटी शेवटी माझी बायकोच गिऱ्हाइकांना ते ऐकवायची आणि मी नुसती मान हलवायचो. माणसाला ताप आला तर आपण आत काय झालंय ते बघतो. रेडिओ तापला की मात्र गिऱ्हाईक म्हणणार, "ते काळं पडलं ना, तेवढंच बदलवून द्या." तेवढं बदलून दिलं की चार दिवसांत नवीन बसवलेलंही काळं पडतं आणि शिव्या मिस्त्रीला.

रेडिओ, अँप्लिफायर, टेप, टीव्ही, सगळं उघडून झालं. आता डोळे साथ देत नाहीत आणि दुरुस्त करण्यासारखं कोणी काही आणतही नाही. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. रोज संध्याकाळी फिरायला जाताना मी समोरून जातो, आत बघत नाही. कुठे शिकलो, दुकान कसं टाकलं, पहिलं गिऱ्हाईक कोण, हे सांगायचा मला कंटाळा आहे आणि ते वाचायचा तुम्हाला येईल. तेव्हा ते सोडून देतो.

एक मात्र सुरुवातीचंच सांगतो, कारण पुढे त्याची गरज पडेल. दुकान टाकण्याआधी वणीला मी दुसऱ्याच्या हाताखाली होतो. तिथे कोळशाच्या खाणीजवळच्या राजूरचा एक हॉटेलवाला दर दोन-चार महिन्यांनी आपला टेप घेऊन यायचा. टेप उघडला की आत मूठभर काळी भुकटी. मी ब्रशनं झाडून, पुसून द्यायचो. एकदा तो रागावला. "दरवेळी नुसता पुसून देता. मंग बिघडलं काय असते त्याच्यात?" मी म्हणालो, "राजूर." तो हसला नाही. मी मात्र बरेच दिवस त्या उत्तरावर खूश होतो. पुढे एका म्हाताऱ्याच्या अंगणात मीटर हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा ते उत्तर मला आठवलं, आणि त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या म्हाताऱ्याचं नाव परसरामजी. बोरी अरबच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही; त्या वर्षांत बाहेरून आलेल्या लोकांनी तिथल्या माणसांना दारात उभं करून करून पुरेसं विचारलं आहे. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात एकाच कारणासाठी यायचं, ते सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही.

परसरामजी विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. मोटार जळली म्हणजे तिच्या आतली तांब्याची तार जळते. ती सगळी उपसून काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, खाचांत बसवायची, वार्निश पाजून सुकवायची, हा तो धंदा. बाहेरून बघणाऱ्याला सोपा वाटतो. फेरे चुकले किंवा तारेवरचा इनॅमलचा लेप कुठे नखाएवढा खरवडला की मोटार पुन्हा जळते आणि तोवर शेतातला हरभरा वाळतो.

पण परसरामजींचं नाव वेगळ्याच कारणानं होतं. आमच्याकडे खेड्यात लाइन कायम अशक्त. गावाला लाइन देणाऱ्या एका डीपीवर ठरल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोटारी. हंगामात सगळ्या एकदम सुरू झाल्या की दोनशे तीसच्या जागी एकशे सत्तर-ऐंशी व्होल्ट हाती यायचे. कंपनीची मोटार एवढ्यात उठत नाही. ती नुसती गुरगुरते, तापते आणि जळते. परसरामजी वाइंडिंग करताना मुद्दाम फेरे कमी घ्यायचे आणि तार जाड वापरायचे, म्हणजे अशक्त लाइनवरही मोटार उठायची. पुस्तकात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. ते स्वतः त्याला 'गावच्या करंटचं वाइंडिंग' म्हणायचे. पंचक्रोशीत लोक सांगायचे, परसरामजीची मोटार काजव्याच्या उजेडावर चालते.

त्यांची मुलगी माया. सासर गावातच, बालवाडीत शिकवायची आणि गावच्या गायन पार्टीत गिटार वाजवायची. पार्टी म्हणजे जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कोणाच्या बारशाला, विहाराच्या कार्यक्रमाला भीमगीतं म्हणणारी मंडळी. ढोलकी, हार्मोनियम, दोन गायक आणि ही गिटार. आधीचा वाजवणारा पुण्याकडे कामाला गेला आणि जाताना गिटार परसरामजींच्या घरी ठेवून गेला. माया बघून बघून शिकली होती. सुरुवातीला म्हाताऱ्या बायका तिला बघायला यायच्या, ऐकायला नव्हे, असं तीच सांगायची.

गिटारला अँप्लिफायर पाहिजे. तो परसरामजींनी घरी बांधला. गावोगाव तंबू टाकून सिनेमा दाखवणारी एक कंपनी बुडाली होती, तिच्या भंगारातून त्यांनी जुन्या अँप्लिफायरचा सांगाडा आणि मोठा स्पीकर मिळवला. सागाच्या फळ्यांची पेटी केली. व्हॉल्व्ह मी दिले. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. आत एक बारीक वात तापते आणि तिच्या भोवतीच्या पत्र्यापर्यंत करंट हवेशिवाय उडत जातो. त्या उडण्यावर ताबा ठेवला की बारीक आवाजाचा मोठा आवाज होतो. जोडणी मी कागदावर काढून दिली, ट्रान्स्फॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला. ट्रान्स्फॉर्मर म्हणजे लाइनचे व्होल्ट व्हॉल्व्हला पाहिजेत तसे कमी-जास्त करून देणारा लोखंडाचा आणि तारेचा ठोकळा. हे त्यांच्याच हातचं काम, मी त्यात काय सांगणार? पेटी पहिल्यांदा वाजली तेव्हा मी गेलो होतो. आवाज जाड, उबदार, थोडा घोगरा. मला फार आवडला. आमच्या धंद्यात वस्तू चालू झाल्याचा आनंद असतो. आवडायला वेळ नसतो. त्या दिवशी होता.

काही वर्षं ती पेटी बिनतक्रार वाजली. मग पाऊस दोन वर्षं नावापुरता पडला. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर एके दिवशी परसरामजी पेटी गोधडीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन माझ्याकडे आले.

"तापून राह्यली भाऊ. दोन गाणे होत नाई तं वास येते. व्हॉल्व्हचा पत्रा निखाऱ्यासारखा लाल होते."

पत्रा लाल होणं हे व्हॉल्व्हचं मोठं दुखणं. त्याचं नेहमीचं कारण एक छोटा कंडेन्सर असतो. पुढच्या व्हॉल्व्हकडे फक्त आवाज जाऊ द्यायचा आणि करंट अडवायचा, एवढंच त्याचं काम. तो जुना झाला की पाझरतो, व्हॉल्व्हवरचा लगाम सुटतो आणि तो जीव तोडून पळत सुटतो. मी कंडेन्सर काढून तपासला. बरा होता. तरी बदलला. फ्यूज का उडाला नाही म्हणून बघितलं तर फ्यूजच्या जागी चांगली जाडजूड तार. मी परसरामजींकडे बघितलं.

"उडत होता घडीघडी," ते म्हणाले.

पेटी टेबलावर मांडली. आम्ही मिस्त्री लोक नवी दुरुस्ती एकदम लाइनवर लावत नाही, मध्ये एक बल्ब जोडतो. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि वस्तू वाचते. बल्ब मंदच राहिला. मग तो काढून पेटी सरळ लाइनवर लावली. सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यातून रेडिओ वाजवला. ट्रान्स्फॉर्मरला हात लावून बघितला, खुडूक कोंबडीखालच्या अंड्याइतका कोमट. पत्रा काळाच्या काळा. परसरामजी समोरच्या स्टुलावर बसून सगळं बघत होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता.

"झाली," मी म्हणालो.

"काय होतं?"

"कंडेन्सर असेल."

"असन?" ते म्हणाले आणि पेटी पुन्हा गोधडीत गुंडाळली.

काही दिवसांनी ते परत आले. व्हॉल्व्ह मेला होता आणि ट्रान्स्फॉर्मरला करपलेल्या वार्निशचा वास येत होता. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. मी नवा व्हॉल्व्ह घातला, ट्रान्स्फॉर्मर तपासला. तार तुटलेली नव्हती, आत कुठे एकमेकीला चिकटलेली नव्हती. पुन्हा दिवसभर पेटी वाजवली. पुन्हा कोमट. या अशा दुखण्याइतकं मिस्त्रीला थकवणारं दुसरं काही नाही. वस्तू आपल्यासमोर शहाण्यासारखी वागते आणि घरी गेली की जळते. गिऱ्हाईक खोटं बोलतंय म्हणावं तर वास खरा आहे.

परसरामजींनी स्वतःचे तळवे माझ्यापुढे धरले.

"तुमच्यापाशी चालते, माह्यापाशी जळते. तुमचं सामान चांगलं हाय. खोट माह्या वाइंडिंगात हाय, भाऊ. हात गेला माहा."

"असं कसं म्हणता? वाइंडिंग मी तपासलं ना."

"दोन मोटारी जळल्या यंदा. दोन्ही माह्या हातच्या. लावल्या तं आठ दिवसांत धूर. माह्या हातची मोटार जळल्याचं कधी आयकलं होतं तुमी? अन् आता लोकं मोटारी आणतच नाई. दिवाळी झाली, एक मोटार नाई आली आंगणात. लोकायले आपल्या आधी समजते."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. खरं सांगायचं तर फार जोर लावला नाही. दुपारची वेळ होती, समोर दुसरी गिऱ्हाइकं होती आणि त्या वर्षांत जो येईल त्याची समजूत घालून मी दमलो होतो. परसरामजींनी पेटी माझ्याकडेच ठेवली आणि सांगितलं की वाइंडिंगची मशीन येत्या बाजाराला भंगारवाल्याला देऊन टाकणार. ही मशीन म्हणजे हातानं फिरवायची, फेरे मोजणारा काटा असलेली. त्यांच्या बापानं घेऊन दिलेली. पुढे काय करणार विचारलं तर म्हणाले, कापसाच्या जिनिंगवर चौकीदार पाहिजे म्हणते, तिथं बसन. ज्या माणसाच्या बोटांना तारेची जाडी न मोजता कळायची, तो फाटकाशी काठी घेऊन बसणार होता. मला वाईट वाटलं. पण माझ्याकडे त्यांना दाखवायला बिघाड नव्हता, आणि बिघाड हातात नसेल तर मिस्त्रीच्या सहानुभूतीला काडीची किंमत नसते.

बाजार दोन दिवसांवर आला असताना माया दुकानात आली. बालवाडीच्या कामानं तालुक्याला आली होती.

"काकाजी, बाबा म्हणते पेटी विकून टाका. मी म्हणतो, विकू नका. चुपचाप दुरुस्त करून ठेवा. मशीन गेली तं गेली, पेटी तं राहीन."

तिच्या बोलण्यात 'मी म्हणतो' असंच येतं, आमच्याकडे बऱ्याच बायका असंच बोलतात. मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग सहज विचारलं, "बालवाडी कशी चालली?"

"चांगली हाय जी. या वर्षी लाइट तं एवढा मस्त राह्यते! पयले ट्यूब लावाची म्हटलं तं अर्धा घंटा नुसती डोळे मारे. आता बटन दाबलं का फक्कन लागते. फक्त बल्ब टिकत नाई. घरोघरी बल्ब उडून राह्यले. खराब माल येऊन राह्यला बाजारात."

मी कप खाली ठेवला.

"घरोघरी?"

"हाव ना. आमच्याकडे तं दिवाळीपासून किती गेले."

मी मीटर पिशवीत टाकलं, बायकोला दुकान बघायला सांगितलं आणि पेटी उचलून मायाबरोबर तिच्याच बसला बसलो. वाटेत तिला काही सांगितलं नाही. मला कारण कळलं होतं आणि आनंद झाला होता, हे कबूल करतो. बिघाड सापडल्याचा आनंद कुठल्याही वर्षी होतो. बस डांबरी रस्ता सोडून आत वळली आणि दोन्ही बाजूंची शेतं दिसायला लागली, तसा तो कमी कमी होत गेला.

परसरामजी अंगणात होते. भिंतीला लागून मोटारींची रिकामी कवचं ओळीनं मांडलेली. मशीन धुऊन पुसून, कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेली. मुलगी सासरी पाठवायच्या आधी तयार करतात तशी. मला बघून ते उठले.

"पेटी कायले आणली?"

"लाइन कधी येते?" मी विचारलं.

त्या काळी लाइन ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळी यायची. आम्ही वाट बघत बसलो. मायानं चहा केला. उन्हं कलता कलता लाइन आली. समोरच्या घरातली ट्यूब खरंच फक्कन लागली. मी मीटरच्या दोन्ही तारा सॉकेटमध्ये घातल्या आणि परसरामजींना जवळ बोलावलं. काटा दोनशे साठच्या पुढे जाऊन थांबला.

"मीटर बिघडलं तुमचं," ते म्हणाले.

"मीटर बरं आहे."

"या गावात दोनशे साठ? माही जिंदगी गेली इथं. दोनशे नाई पायले कधी."

"पेटीचा ट्रान्स्फॉर्मर किती व्होल्टचा गुंडाळला होता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "गावच्या करंटचा," ते हळू म्हणाले. मग, मी आणखी काही बोलायच्या आत, "एकशे ऐंशीचा."

दारव्ह्याला माझ्या गल्लीत जिनिंग आणि पिठाची गिरणी एकाच लाइनवर होती. तिथे व्होल्ट पडलेले असायचे, म्हणून पेटी सुखात वाजायची. इथे तिच्या अंगावर दीडपट व्होल्ट येत होते. वात जास्त तापत होती, पत्रा लाल होत होता, ट्रान्स्फॉर्मर करपत होता. त्या दोन मोटारीही तशाच गेल्या असणार. अशक्त लाइनसाठी केलेल्या वाइंडिंगला सशक्त लाइन झेपली नाही. मी हे सगळं त्यांना सांगायला सुरुवात केली, पण ते ऐकत नव्हते. ते अंगणाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले होते.

"भाऊ, इकडे या. आवाज येते काय काही?"

मी कान दिला. कुत्रं भुंकत होतं. कोणीतरी पोराला हाक मारत होतं. "कशाचा?" मी विचारलं.

"तेच म्हणतो. लाइन येऊन गंज वेळ झाला. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस हायेत. अशात इथं बोललेलं आयकू नाई ये, एवढ्या मोटारी चालत." ते तसेच पाठमोरे उभे होते. "मले वाटे लोकं मोटारी दुसरीकडे नेऊन राह्यले. विहिरीतच नाई तं मोटार कायले लावन कोणी? वायर गुंडाळून ठेवल्या सगळ्यायनं. वढणारं कोणी राह्यलं नाई म्हणून करंट चढला."

माया दारात उभी होती. तिनं विचारलं, "म्हणजे बाबा, तुमचा हात चांगला हाय?"

परसरामजींनी मान हलवली. होय अशीच हलवली. मग ते माझ्याकडे वळले आणि जे बोलले ते मी विसरू शकलेलो नाही.

"हात गेला असता तं बरं होतं, भाऊ. एकाचंच गेलं असतं."

मी मीटर गुंडाळलं. आयुष्यात इतका बरोबर शोधलेला बिघाड दुसरा नसेल आणि तो शोधल्याचा इतका शीणही कधी आला नाही. राजूरच्या हॉटेलवाल्याला मी गंमत म्हणून गावाचं नाव सांगितलं होतं. इथे खरंच गावच बिघडलं होतं, आणि माझ्या पेटाऱ्यात त्याच्यासाठी काही नव्हतं. परतीच्या बसला वेळ होता म्हणून मी बसून राहिलो.

मशीन मात्र भंगारात गेली नाही. बाजाराच्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा ती पोत्यावरून उतरून पुन्हा चौरंगावर बसली होती, असं मायानं नंतर सांगितलं. त्याच आठवड्यात परसरामजी माझ्याकडे तार घ्यायला आले. पेटीचा ट्रान्स्फॉर्मर ते पुन्हा गुंडाळणार होते.

"आता सरळ अडीचशेचा करा," मी म्हणालो. "कटकट मिटेल."

"नाई."

"का?"

"पाणी येईन तवा काय करान? मोटारी लागल्या का करंट पुन्हा एकशे ऐंशीवर येईन. मंग हे कमी पडन. पाणी येणारच नाई असं धरून मी वाइंडिंग नाई करत."

त्यांनी केलं ते असं. आधी होते तेवढे फेरे नव्या तारेचे घेतले, त्याच्यावर आणखी फेरे चढवले आणि दोन्ही ठिकाणांहून एकेक तार बाहेर काढली. पेटीच्या मागे एक खटका बसवला. एका बाजूला केला की लाइन थोड्या फेऱ्यांवर, दुसऱ्या बाजूला केला की सगळ्या फेऱ्यांवर. जोडताना मी होतो. काम बघून मला हेवा वाटला. तारेला तार इतकी लागून बसलेली की मध्ये कागद गेला नसता. हात गेलेल्या माणसाचं काम असं नसतं, हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग ऑइलपेंटची डबी काढून काडीनं खटक्याच्या एका बाजूला 'पाणी' आणि दुसऱ्या बाजूला 'कोरडं' असं लिहिलं. खटका कोरडंकडे केला. मीटर न बघता मला सांगितलं, "लावा." पेटी वाजली. थंडगार.

खटका पुढे बरीच वर्षं त्या बाजूलाच होता. जयंत्या झाल्या, पौर्णिमा झाल्या. परसरामजी टेबलफॅन आणि कूलरच्या मोटारी गुंडाळायला लागले. त्यांच्या हाताला ते काम म्हणजे पहिलवानाला गोट्या खेळायला बसवल्यासारखं होतं. मी टीव्हीवरून मोबाइलच्या चार्जरवर उतरलो. भेट झाली की ते पेटीचं सांगायचे, लाइन किती आहे ते सांगायचे. दोनशे पन्नास. दोनशे पंचावन्न. चांगल्या लाइनचा आकडा इतक्या पडलेल्या चेहऱ्यानं सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मला कधी कधी त्यांचा कंटाळाही यायचा. दुकानात दुसरी चार माणसं असताना हा आकडा ऐकून मी काय करायचं?

मग एका वर्षी पाऊस बरा झाला. लगेच सगळं पालटलं नाही, पण विहिरींना पाणी राहिलं. त्या हिवाळ्यात गावात विहाराचा कार्यक्रम होता. मायानं आग्रहानं बोलावलं, "काकाजी, यावंच लागते," म्हणून मी गेलो. छोटा मांडव, सतरंज्या, वर बल्बच्या माळा. मी आणि परसरामजी मागे खुर्च्यांवर बसलो. त्यांना आता कमी दिसायचं, पण कान तल्लख होते.

दुसरं गाणं रंगात आलं आणि गिटार बसायला लागली. आवाज बारीक झाला, पेटीच्या पोटात कोणी कापूस कोंबल्यासारखा. वरचे बल्ब पिवळे पडले. मायानं वाजवता वाजवता चिडून पेटीकडे बघितलं. मला वाटलं व्हॉल्व्ह गेला. मी उठणार तर परसरामजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः उठले.

ते सरळ गाणाऱ्यांमध्ये गेले. पेटी बंद केली. चालू पेटीचा खटका फिरवायचा नाही, हा त्यांचाच नियम. गिटार एकदम थांबली. गायकानं तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघितलं. ढोलकीवाला शहाणा, त्यानं ठेका सोडला नाही. परसरामजींनी पेटीच्या मागे बोटांनी चाचपडलं, खटका फिरवला, पुन्हा बटन लावलं आणि कमरेवर हात ठेवून व्हॉल्व्ह तापायची वाट बघत उभे राहिले. लोक हसले. कोणाला वाटलं म्हाताऱ्याला काही सुचत नाही. मग गिटारचा आवाज जसा पहिल्या दिवशी होता तसा, जाड आणि घोगरा, भरून आला.

ते येऊन खुर्चीवर बसले. गाणं संपेपर्यंत त्यांनी गाण्याकडे लक्ष दिलं नाही. मान एका बाजूला कलवून मांडवाच्या बाहेरचं ऐकत होते. टाळ्या थांबल्यावर मलाही ऐकू आलं. नाल्याच्या बाजूनं, लांबून, एकसारखी घरघर येत होती.

"किती आहेत?" मी विचारलं.

"नाल्यावर दोन. देवळामागे एक. वरच्या आंगाले पाण्यातल्या मोटारी टाकल्या लोकायनं, त्याचा आवाज येत नाई. पण लाइन वढते त्या."

"यातल्या तुमच्या हातच्या किती?"

मोटारीचा आवाज ऐकून तिचं वाइंडिंग कोणाचं ते सांगणारा माणूस तो. त्यांना विचार करावा लागला नाही.

"एक बी नाई. सगळ्या कंपनीच्या, नव्या. जळली का फेकून दुसरी आणते आता. गुंडाळत नाई कोणी."

मांडवात पुढचं गाणं सुरू होत होतं. परसरामजींनी माझ्या बाहीला धरून मला जवळ ओढलं आणि वरच्या बल्बकडे बोट दाखवलं. तार कशी लाल लाल, जेमतेम पेटलेली दिसत होती.

"ते सोडा," ते म्हणाले. "लाइट पाहा, भाऊ. कसा मंद झाला."